एकविसावी बांगडी

माझ्या मैत्रिणीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठेतरी ते कळणारच आहे, आणि तेव्हा वाचणारा म्हणेल, बाईंनी लपवून ठेवलं. मैत्रीणच म्हणते मी तिला. दुसरा जो शब्द कधीकधी ओठांवर येतो तो छापण्यासारखा नाही, आणि खराही नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी विद्यापीठात संशोधनाला लागलो. सर एकच, खोली एकच, आणि पंखाही एकच, तो नेमका तिच्या टेबलावर. विषय शेजारशेजारचे: बायका काम करताना म्हणतात ती गाणी. तेव्हा त्याला कुणी अमूर्त वारसा वगैरे भारदस्त नावाने हाक मारत नव्हतं. वडिलांनी विचारलं, की मी म्हणायचे, "गाणी गोळा करते." ते चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. आमच्या घरात आजोबा, पणजोबा, सगळे कचेरीत कागद लावत आलेले. जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही, असं मानणारं घराणं. मीही त्याच वळणाची. वही, पेन, तारीख, गाव, गायिकेचं वय, सगळं जागच्या जागी.

ती शहरातल्या मुसलमान घरातली. वडिलांचं कापडाचं दुकान, घरात दखनी, शाळा मराठी. मी दखनी शिकले ती शब्दांची यादी करून. तिला शिकावी लागली नाही. पण खरा फरक भाषेचा नव्हता, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. आम्ही कुणाच्या अंगणात गेलो, की माझ्यासाठी आतून खुर्ची यायची. तिच्यापुढे लसणाची परडी सरकवायचे आणि म्हणायचे, जरा सोलून दे. मी खुर्चीत ताठ बसून प्रश्न विचारायची, आणि ती पाटावर बसून लसूण सोलता सोलता न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं घेऊन यायची. माझी सगळी कारकीर्द खुर्चीत गेली आणि तिची लसणात.

तरी कन्नड गावची बांगडीवाली खाला, म्हणजे मावशी, माझी. हे मी ठासून सांगते, कारण आता सगळे तिला माझ्या मैत्रिणीची खाला समजतात. कन्नडच्या बाजारात ती बांगड्यांचं दुकान मांडायची. दुकान म्हणजे एक सतरंजी, दोन पेट्या आणि लाकडी दांडीवर चढवलेले बांगड्यांचे रंगीत तोडे. लग्नसराईत आसपासच्या गावांतून तिला नवरीचा हात भरायला बोलावणं यायचं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका मुलीचा अंगठा तळव्यात दाबून हिरवी बांगडी चढवत होती आणि तोंडाने गुणगुणत होती. मी जीपमध्ये बसणार होते, ती सोडून दिली.

चुड्याचं गाणं म्हणतात त्याला. एका हातात दहा बांगड्या, दुसऱ्या हातात अकरा, आणि प्रत्येक बांगडीला एक कडवं. प्रत्येक बांगडी कुणाच्या तरी नावाची. पहिली आईची, मग वडिलांची, भावाची, मामाची, आणि दुसऱ्या हाताला सासरची माणसं. खालाचं म्हणणं असं, की बांगडी घेरात अडत नाही, भीतीत अडते. पोरगी मूठ आवळते. पुढचं नाव कुणाचं येतंय इकडे तिचे कान लागले, की मूठ आपोआप सुटते. नणंदेच्या कडव्याला तर हमखास हसू यायचं:

बारावी बांगडी नणंदबाईची,
घालताना लई टोचायची.

मी खालाकडे दोन वर्षं जात होते. तिला वीस कडवी येत होती. एकविसावं नव्हतं. "सासू म्हणायची, येक शेवटचं हाय," खाला सांगायची, "पर मला द्यायच्या आधीच ती गेली. आता म्या शेवटच्या बांगडीला आईचंच कडवं फिरून म्हणते. चालून जातं. पर बरं वाटत नाय वं बाई." तिला बरं वाटत नव्हतं त्याहून जास्त मला वाटत नव्हतं. कारण मैत्रिणीने शहरातल्या बांगडीवाल्यांकडून एकोणीस कडवी मिळवली होती. माझी वीस, तिची एकोणीस. त्या एका कडव्याच्या बळावर मी सुखाने झोपत होते. मग एक दिवस कँटीनमध्ये चहा पिताना ती सहज म्हणाली, "अगं, मला विसावं मिळालं." मी म्हटलं, "अरे वा!" आणि चहा इतका गरम घोटला की दोन दिवस जीभ भाजलेली होती.

त्याच आठवड्यात कन्नडजवळच्या एका गावात लग्न होतं आणि खालाने मला बरोबर नेलं. मुलगी फारतर वीसची. पडवीत बायकांचा गराडा, मध्ये खाला, आणि मी रेकॉर्डर घेऊन तिच्या गुडघ्याशी. मी तेव्हा हातात काचेच्या बांगड्या घालत नव्हते. त्या किणकिणतात आणि रेकॉर्डिंग खराब होतं. खालाला ते मुळीच आवडायचं नाही. नवरीची वीस कडवी झाली, वीस बांगड्या चढल्या. एकविसावी अडली. मुलीला रडू फुटलं होतं, हात दगडासारखा झाला होता. खालाने सव्वादोनच्या मापाची ती बांगडी बोटांच्या पेरांवर धरून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमच्या वहीत असंल की. तुम्ही समद्या गावांचं लिहून आणलंय. बघा की जरा."

पन्नासेक बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी वही उघडली. त्या पानावर कन्नडहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा लिहिल्या होत्या. मी मान हलवून नाही म्हणायला हवं होतं. मला पगार मिळतो तो 'नाही' म्हणण्यासाठीच; जे मिळालं नाही ते मिळालं नाही असं लिहिणं, हेच आमचं काम. पण मला मैत्रिणीचं विसावं कडवं दिसत होतं. माझा मोकळा हात दिसत होता. आणि एसटीच्या वेळांवर बोट फिरवत मी वाचल्यासारखं म्हटलं:

एकविसावी बांगडी माझी गं मला,
नाव नको कुणाचं देऊ तिला.

खालाने क्षणभर डोळे मिटले. मग "देऊ"च्या जागी "लावू" घातलं, तो शब्द किती बरोबर होता ते मला नंतर कळलं, आणि आपल्या चालीत ते कडवं असं म्हटलं, की जणू तिच्या आजीपासून चालत आलंय. पोरीने मान वर केली. मूठ सुटली. बांगडी मनगटावर जाऊन बसली. मग रिवाजाप्रमाणे पोरीने खालाच्या पायांवर डोकं ठेवलं, खालाने तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि बायका म्हणाल्या, "शेवटचं लई चांगलं हाय वं." खाला माझ्याकडे बघून हसली. "हेच आसंल. सासू असंच कायतरी म्हणायची."

ते रेकॉर्डिंग मी घरी किती वेळा ऐकलं ते सांगायची लाज वाटते.

पुस्तकात मी एकवीस कडवी छापली. प्रस्तावनेत लिहिलं, हे गाणं प्रथमच संपूर्ण स्वरूपात येत आहे. खाली खालाचं गाव, वय, तारीख, सगळं बिनचूक. मैत्रीण पुस्तक घेऊन माझ्या घरी धावत आली, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "सापडलं तुला! मला माहीत होतं, सापडलं तर तुलाच सापडेल." ईद नसताना डबाभर शीरखुर्मा घेऊन आली होती. मी तो उभ्या उभ्या खाल्ला. तिला माझा हेवा वाटला नाही, याचाच मला सर्वात जास्त राग आला.

त्यानंतरची वर्षं मी फार सांगत बसत नाही. माझं पुस्तक विभागाच्या कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. तिने पुस्तक लिहिलंच नाही बराच काळ. तिने बांगडीवाल्या बायकांना शाळांत नेलं, मुलींना त्यांच्यासमोर बसवलं, त्यांची गाणी त्यांच्याच नातींकडून फोनवर चित्रित करवली. मी म्हणायची, हे काही संशोधन नव्हे, ही समाजसेवा. मग जग बदललं आणि सगळ्यांना तेच हवं झालं. समित्यांवर ती. परिसंवादात बीजभाषण तिचं, आणि मी जेवणानंतरच्या सत्रात, जेव्हा अर्धं सभागृह पेंगत असतं. तिच्या लेखांच्या शेवटी संदर्भांत माझं नाव असायचं, ते मात्र ती कधी विसरली नाही. मी दर वेळी पान उलटून आधी तेच बघायची.

खाला गेली तेव्हा तिच्या घरून पहिला फोन मैत्रिणीला गेला. मला तिने कळवलं. मी कन्नडला पोचले तेव्हा ती आत बायकांत बसली होती, खालाच्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. मी दारात उभी राहिले. कुणीतरी लगबगीने आतून खुर्ची आणली. मी त्या खुर्चीत बसून रडले, आणि ते सगळं रडू काही खालासाठी नव्हतं.

आता अलीकडची गोष्ट. शासनाच्या अमूर्त वारशाच्या यादीत चुड्याचं गाणं जावं म्हणून प्रस्ताव करायचं ठरलं. प्रस्ताव अर्थातच मैत्रिणीकडे. तिने मला घरी बोलावलं. क्रांती चौकातून आत वळलं की तिची इमारत. खाली गाड्यांचे भोंगे आणि वर तिचं शांत घर. तिने लॅपटॉप उघडला.

"तुला काहीतरी ऐकवायचंय. तुझ्या खालाची सून गाते आता. आणि तिने हर्सूलच्या दोघी-तिघींना शिकवलंय. सगळी एकवीसच्या एकवीस येतात त्यांना! खाला गेली तेव्हा मला वाटलं होतं, तिच्याबरोबर संपलं. ऐक, शेवटचं ऐक."

सुनेचा आवाज खालापेक्षा जाड आहे. वीस कडवी झाली. मग एकविसावं आलं आणि मागच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. "माझी गं मला" हे त्या तीनदा म्हणत होत्या, प्रत्येक वेळी चाल वर चढवत. मी ते एका दमात सांगितलं होतं. त्यांनी त्याला घर बांधून दिलं होतं.

"बघ ना," मैत्रीण म्हणाली, "वीस बांगड्या माणसांच्या नावाने, आणि एक स्वतःची. राखून ठेवलेली. कुणी शिकवलं असेल हे या बायकांना? किती जुनं असेल?"

"असेल," मी म्हटलं.

"सगळ्या प्रस्तावाचा प्राण आहे हे कडवं."

मी पाणी मागितलं. मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू. पण पाणी पिऊन होईस्तोवर तो आंबला. माझ्या नावाने जे जे छापलं ते कुणी उघडून बघितलं नाही, आणि जे एक माझ्या नावाने नाही ते बायका टाळ्या वाजवून म्हणतात. आणि ते जगापुढे आणायचं श्रेयही हिला. माझ्याच ओळींसाठी मला तिचा हेवा वाटत होता. इतकंच नाही, ज्या कुणा जुन्या अनामिक बाईने त्या रचल्या असं तिला वाटत होतं, त्या कधीच नसलेल्या बाईचासुद्धा मला हेवा वाटला.

पुढचा महिनाभर ती जिथे जाईल तिथे त्या कडव्यावर बोलत होती. एका संध्याकाळी शहरात तिचं व्याख्यान होतं. मी मागच्या रांगेत बसले. शेवटी तिने ते कडवं स्वतः गाऊन दाखवलं. तिला गाता येत नाही, तरी माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाहेर पडताना त्याच बाईंनी मला विचारलं, "तुम्हीपण याच क्षेत्रात ना? असं काहीतरी शोधून काढा की तुम्हीही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तिच्या दारात होते. वाटेत रिक्षात वाक्यं जुळवली होती. प्रस्ताव जायच्या आधी चूक दुरुस्त व्हावी. शास्त्राशी प्रामाणिक राहायला हवं. वाक्यं चांगली होती, त्यांत हेवा कुठेही दिसत नव्हता.

"ते एकविसावं कडवं खालाचं नाही," मी बसायच्या आधीच म्हटलं. "मी केलंय. बांगडी अडली होती, तिने मला विचारलं, आणि मी वहीत असल्याचं नाटक केलं."

तिच्या हातात चहाची किटली होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

"खालाला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं बोलली नाहीस. आजच का?"

"प्रस्ताव जाणार ना. चूक जायला नको."

ती बघत राहिली. तिला सगळं कळलं, हे मला दिसलं. तीस वर्षं एका पंख्याखाली बसलेल्या माणसापासून काय लपतं? तिने एक थोबाडीत मारली असती तर मी तिची ऋणी झाले असते. पण ती म्हणाली, "बस. चहा घे. सांगितलंस ते चांगलं केलंस."

माझी अपेक्षा काय होती, ते आता स्वच्छ लिहिते. प्रस्ताव कोसळावा. व्याख्यानांतून तिने जे डोक्यावर घेतलं ते तिच्याच डोक्यात पडावं. लोकांनी म्हणावं, हिला खरं-खोटं ओळखता येत नाही. आपली चूक उघडी पडेल याची भीती मला होती, पण ती पडताना तिलाही खाली ओढेल, एवढ्यासाठी मी ती पत्करली होती. असलं काही मी यापूर्वी केलं नव्हतं. तेव्हा खरं सांगताना बरं वाटत होतं आणि मी त्यालाच प्रामाणिकपणा समजले.

झालं भलतंच. तिने प्रस्तावातून कडवं काढलं. वीस कडवी ठेवली. एकविसाव्या बांगडीला कडवं उपलब्ध नाही, असं साधं लिहिलं. मी सुरुवातीलाच करायला हवं होतं तेच. आणि पहिल्याच पानावर माझं नाव घालून लिहिलं, की अशी कबुली द्यायला मोठं मन लागतं. मला फोन आले. ज्यांनी माझं पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनी माझं अभिनंदन केलं. एका महाविद्यालयाने संशोधनातल्या नीतिमत्तेवर बोलायला बोलावलं. मी गेलेसुद्धा. प्रस्ताव पुढे सरकला, आणि तिचं नाव आणखी वर गेलं.

तिने आणखी एक गोष्ट केली, ती मला उशिरा समजली. ती नियमाने वागणारी बाई आहे. ती कन्नडला गेली, हर्सूलला गेली, आणि त्या बायकांसमोर बसून तिने त्यांना समजावलं, की हे कडवं जुनं नाही, वहीवाल्या बाईंनी स्वतः जोडलेलं आहे, तेव्हा गाण्यात ते धरू नका. गोडच बोलली असणार. लसूणही सोलला असेल.

मला ते कळलं सादरीकरणाच्या दिवशी. समितीचे पाहुणे आले होते, सभागृह भरलेलं. मंचावर खालाची सून, मागे हर्सूलच्या दोघी, आणि नवरी म्हणून विभागातली एक विद्यार्थिनी. गाणं सुंदर झालं. नणंदेच्या कडव्याला पाहुणेही हसले. विसावं संपलं. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. खोटं का बोला, मी वाट बघत होते. सुनेने एकविसावी बांगडी उचलली, मुलीचा अंगठा दाबला आणि तोंडातून शब्द न काढता ती चढवायला लागली. आईचं कडवंसुद्धा फिरून म्हटलं नाही. मुलगी "आई गं" म्हणून कळवळली. बांगडी बसली. टाळ्या पडल्या. कुणाला काही कमी वाटलं नाही. मैत्रिणीने पहिल्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि मीही टाळ्या वाजवायला लागले.

त्या आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी मी कन्नडची एसटी धरली. का, ते मला नीट माहीत नव्हतं. सून सतरंजीवर बसून मापाप्रमाणे बांगड्या वेगळ्या करत होती. मला बघून तिने इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या दुकानातून स्टूल मागवलं. मी म्हटलं, नको, आणि सतरंजीच्या कडेला बसले. ती अवघडली. स्टूल तसंच मध्ये उभं राहिलं.

"तिथं मंचावर सोडलंत ते ठीक," मी म्हटलं. "पण लग्नात म्हणत जा ना. शेवटचं. लग्नात कोण विचारतंय?"

"नाय वं बाई." ती बांगड्यांतून हात न काढता म्हणाली. "आता तोंडावर येत नाय. येतं, पर मधीच आठवतं, हे बाईनी बसल्या बसल्या केलेलं हाय."

"मग काय झालं? सगळी गाणी कुणीतरी बसल्या बसल्याच केलेली असतात."

"ते खरं. पर कुणी, ते ठाव नसतं ना. ह्याचं ठाव झालं." तिने एक पिचलेली बांगडी बाजूला ठेवली. "आमाला वाटायचं, आधीच्या बायांनी आपल्यासाठी राखून ठेवलंय हे. लई मोठं वाटायचं. आता वाटतं, शहरातून आलं. तसं चांगलंच हाय ते, वाईट नाय म्हणत म्या."

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मी माफी मागितली असती. माफीची वाक्यंही रिक्षातल्यासारखी एसटीत जुळवली होती. ती रागावलेली नव्हती. तिने फक्त एक वस्तू परत केली होती, जी मी कधीकाळी तिची होऊ दिली आणि नंतर हिसकावून घेतली. आणि परत घेतलेली ती माझ्याकडे येऊनही माझी राहिली नव्हती. जगात माझं म्हणून कुणी गायलेलं तेवढंच होतं. ते कुणाच्या हेव्याने पुसलं गेलं, हे मला मैत्रिणीवर ढकलता येत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं, गेलं. मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "बाई, येक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मागच्या साली आमच्या पोरीचं लगीन झालं. तिचा हात म्याच भरला. समदी एकवीस म्हटली, तेबी म्हटलं. तेव्हा पोरगी लई रडली, आन् मग हसली. आता तिला कळलंय. फोन करती सासरवरून, म्हणती, अम्मी, मग माझी एकविसावी बांगडी कुणाच्या नावाची?"

"तिचीच," मी म्हटलं. "सांग तिला, तिचीच."

तिने पहिल्यांदाच बांगड्यांमधून हात काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"अशी कशी तिची वं बाई?" ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलं, ते खोटं हाय म्हणून."